अबोलीची गोष्ट मैनेच्या तोंडी

त्या दोघी ज्या पार्लरमध्ये शिकायला लागल्या, तिथल्या मालकीणबाईंना कुणाचं नाव म्हणून लक्षात राहत नसे. त्या माणूस बघून नाव ठेवायच्या. एकीला त्या अबोली म्हणायला लागल्या, कारण तिला काही विचारलं तर ती आधी हातातली कात्री खाली ठेवायची आणि मग उत्तर द्यायची, तेही शक्यतो मानेनेच. दुसरी झाली मैना. गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधी हिचं तोंड सुरू व्हायचं आणि ते रस्ता ओलांडून गेलं तरी मिटायचं नाही. ही नावं दोघींना इतकी चिकटली की पुढे घरचेही त्यांना त्याच नावांनी हाक मारू लागले.

मैनेची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. ही गोष्ट अबोलीची.

अबोलीचे वडील ती लहान असतानाच गेले. आई एका इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीचं काम करायची, आणि तिघं राहायचीही तिथेच. सगळ्या मजल्यांवरचे कपडे तिच्याकडे यायचे. एके दिवशी शर्टाची कॉलर दाबता दाबता तिच्या हातातून इस्त्री सुटली, आणि मागोमाग ती स्वतः खाली कोसळली. अर्धांगवायूचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धा चेहरा गेला. बोलणं जड झालं. अबोली तेव्हा शाळेत होती आणि धाकटा भाऊ तिच्याही खालच्या वर्गात.

आईचे केस खूप लांब होते. अंथरुणाला पाठ लागल्यावर त्यांच्या जटा झाल्या. मलमपट्टी करायला येणारी नर्स म्हणाली, सरळ डोकं भादरून टाका, काम सोपं होईल. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. नर्स गेल्यावर अबोलीने कपड्यांचे दोरे कापायची कात्री घेतली, आईला उशांच्या आधाराने बसवलं, तिच्या गळ्याभोवती एक जुनी निळी चादर गुंडाळली आणि भावाला चादरीची टोकं धरायला लावली. भाऊ थोडा वेळ उभा राहिला आणि कंटाळून खेळायला पळाला. अबोली मात्र कापत राहिली. डावी बाजू आखूड झाली म्हणून उजवी कापली, ती जास्त आखूड झाली म्हणून पुन्हा डावी. असं करता करता केस कानाच्या वर गेले. मग आईने खुणेने आरसा मागितला. बराच वेळ बघत राहिली. अडखळत काहीतरी बोलली आणि तोंडाच्या चालत्या बाजूने हसली. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली होती. अबोली जमिनीवर पडलेल्या केसांतच बसली आणि पोट धरून हसत सुटली.

त्यानंतर आईने दुसऱ्या कुणाला आपल्या डोक्याला हात लावू दिला नाही. शेजारच्या बायका आईला बघायला येत आणि जाताना म्हणत, जरा माझ्याही मागच्या बाजूला कात्री फिरव गं. हात असा तयार होत गेला. शाळा संपल्यावर पार्लरमध्ये जायचं हे वेगळं ठरवावंच लागलं नाही.

मैना आली ती घरी भांडून. तिच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं, मोठ्या रस्त्यावर, दुमजली. आई शिक्षिका. मैनेने परीक्षेत गटांगळी खाल्ली, घरचे बोलले, आणि ही तणतणत निघाली ती समोर दिसलेल्या पहिल्या पाटीच्या खाली शिरली. ती पाटी पार्लरची होती. हे तीच हसत हसत सांगायची तेव्हा. कात्रीचं आणि तिचं कधी फारसं जमलं नाही. पण जे जमत होतं ते साधंसुधं नव्हतं. एकदा येऊन गेलेली बाई वर्षाने आली तरी तिच्या मुलाचा दमा आता कसा आहे, हे मैना विचारायची. कुणी तोंडावर नाही म्हणालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने उभी राहायची. लाज म्हणून तिला कशाची वाटायची नाही. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलपाशी किल्लीची वाट बघत थांबायची. ती पुढे मोठी झाली त्यात नवल काही नव्हतं, आणि अबोलीनेही ते कधी नाकारलं नाही.

पार्लरच्या गच्चीवर टॉवेल वाळत घालायचं काम दोघींकडे होतं. तिथेच त्या डबा खायच्या. असंच एकदा मैनेने विचारलं, तू केस कापायला कुठे शिकलीस, कारण मालकीणबाईंपेक्षा तुझा हात चांगला आहे. अबोलीने तिला आईची गोष्ट सांगितली. आयुष्यात ती तिने पहिल्यांदा सांगितली आणि एकाच माणसाला सांगितली. आई आरशात बघून नेमकं काय म्हणाली, तेवढं मात्र तिने स्वतःपाशी ठेवलं. मैना ओल्या टॉवेलात तोंड खुपसून हुंदके देऊन रडली. अबोलीला त्या दिवशी वाटलं, आपल्याला बहीण मिळाली.

पुढे मैनेच्या वडिलांचा राग निवळला. दुकानाच्या वरची खोली त्यांनी मुलीला दिली. भाडं नाही, अट नाही. पाटी मोठ्या रस्त्यावर, खाली येणारं गिऱ्हाईक आपोआप वर बघायचं. मैनेने अबोलीला बोलावलं आणि अबोली गेली. लोक मैनेशी बोलायला यायचे आणि अबोलीने कापलेले केस घेऊन जायचे. दोन्ही मिळून त्या खोलीचं नाव झालं. अबोलीचं लग्न झालं, लेक झाली, आणि त्याच सुमाराला आईला दुसरा झटका आला. घरात पूर्ण वेळ माणूस हवं होतं. अबोलीने काम सोडलं. मैना म्हणाली, केव्हाही परत ये, तुझी खुर्ची तुझीच आहे. निघताना अबोलीने एकच मागणं केलं. भावाला कुठे नीट काम लागत नव्हतं, गाडी चांगली चालवायचा, त्याला ठेवून घे. मैनेने लगेच ठेवून घेतलं.

आई गेली. लेक इतकी लहान होती की तिला आजी म्हणजे खाटेवर झोपलेलं कुणीतरी, एवढंच आठवतं. अबोलीने गल्लीच्या तोंडाशी, आपल्या घराच्याच खाली, दोन खुर्च्यांचं पार्लर काढलं. तिकडे मैना एका दुकानाची चार, चाराची कितीतरी करत गेली. शॅम्पूच्या बाटल्यांवर तिचा चेहरा आला. मुलींना शिकवणारी मोठी संस्था निघाली. लोक तिला भाषणाला बोलवू लागले. पेपरात फोटो आला की अबोली तो गिऱ्हाइकांना दाखवायची. आम्ही एकत्र शिकलो, एवढंच सांगायची. कुणी खरं मानायचं, कुणी नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

लेक कॉलेजात गेली. एका संध्याकाळी घरी आली ती अगदी भारून. कॉलेजात मैनेचं व्याख्यान झालं होतं, मोठं यश कशाने मिळतं यावर. अबोली टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने कौतुकाने विचारलं, काय म्हणाली मग?

लेक सांगत गेली. मैनेची आई कपड्यांना इस्त्री करायची. तिला अर्धांगवायू झाला. केसांच्या जटा झाल्या. नर्स म्हणाली भादरून टाका. तेव्हा एवढ्याशा मैनेने दोरे कापायची कात्री घेतली, आईभोवती निळी चादर गुंडाळली. आईने आरशात बघितलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, पोरी, तुझ्या हातात सोनं आहे, तू खूप मोठी होशील. सगळा हॉल रडत होता, लेक म्हणाली. मीसुद्धा.

अबोलीची घडी हातातच राहिली.

"आपल्या आजीसारखंच ना गं," लेक म्हणाली. "तीही अंथरुणालाच होती. पण बघ, मैनाबाई परिस्थितीला धरून रडत बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, परिस्थिती सगळ्यांनाच असते, तिचं काय करायचं ते माणसाच्या हातात असतं. आई, तुला कधी असं वाटलं नाही का, की आपणही काहीतरी मोठं करावं?"

अबोलीने हातातला टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला. ती म्हणाली, हात धुऊन घे, जेवायला बस. लेकीला वाटलं, आईला वाईट वाटलं. वाटलंच होतं, फक्त लेकीला वाटलं त्या कारणासाठी नाही.

आधी तिने स्वतःचीच समजूत घालून बघितली. लेकीने चुकीचं ऐकलं असेल. मैनेने मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितली असेल, पोरीने अर्धवट लक्ष दिलं असेल. पण निळी चादर तिला टोचत राहिली. गच्चीवर बोलताना तिने चादर म्हटलं होतं. रंग सांगितला नव्हता. तो सांगण्यासारखा वाटलाही नव्हता तेव्हा. चादरीचा रंग माहीत असलेलं आता जगात दुसरं एकच माणूस होतं.

भाऊ सुट्टीच्या दिवशी बायकोमुलांना घेऊन यायचा. या वेळी अबोलीने बायकोमुलांना घरात बसवलं आणि भावाला खाली पार्लरमध्ये नेलं. शटर अर्धं ओढून सरळ विचारलं. तो नाही म्हणाला असता तर तिने मानलंही असतं. पण तो खुर्चीवर बसला आणि गुडघ्यांकडे बघत बोलायला लागला. त्याला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. मैना भाषणाला जायची तेव्हा गाडी हाच चालवायचा, आणि भाषण संपेपर्यंत हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपलीच आई ऐकू येतेय असं त्याला वाटलं होतं.

"आणि चादर?" अबोलीने विचारलं.

"गाडीत बसून विचारायच्या," तो म्हणाला. "आई कशी बसली होती, चादर कसली होती, खोलीत उजेड कुठून यायचा. मला वाटलं, जिव्हाळ्याने विचारतायत. मी सांगत गेलो."

"आणि पुढे कळल्यावर?"

त्याने खुर्चीचा हात नखाने खरवडला. मग म्हणाला, पोरांच्या शाळेची फी त्यांनीच भरली, ताई. आणि आईचं नाव तर कुठे येत नाही ना त्यात. कुणाला कळणार आहे?

"मला कळलं," अबोली म्हणाली आणि शटर वर केलं.

मग ती मैनेकडे गेली. जायच्या आधी तिने पार्लरची फरशी पुसली, कात्र्या पुसल्या, आधीच पुसलेले आरसे पुन्हा पुसले. मैनेचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. खाली बसलेल्या मुलीने नाव विचारलं, तर हिने सवयीने अबोली सांगितलं. मैना स्वतः लिफ्टपर्यंत धावत आली. तिने गळ्यात हात टाकले, किती वाळलीस म्हणाली, चहा मागवला, लेकीचं नाव घेऊन चौकशी केली. काही विसरलेली नव्हती ती. अबोली वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं विसरली. तिने एवढंच विचारलं, माझी आई तू का घेतलीस?

मैनेने नाटक केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने कप खाली ठेवला. पहिल्यांदा मैत्रिणीची गोष्ट म्हणूनच सांगितली होती, ती म्हणाली. लोकांनी ऐकली आणि विसरले. मग एका मासिकवालीने मुलाखतीत घोळ घालून ती मैनेच्या नावावर छापली. मैनेने खुलासा करायचं मनात आणलं, तेवढ्यात लोकांचे फोन यायला लागले. परक्या बायका रडत होत्या.

"त्यांना काय सांगू?" मैना म्हणाली. "बापाने वरची खोली दिली म्हणून मी मोठी झाले?"

"तेच सांगायचं. खरं आहे ते."

"ते ऐकून कुठली पोरगी हातात कात्री घेईल? तुझ्या आईमुळे कितीजणी उभ्या राहिल्यात, तुला कल्पना नाही. आणि तू तरी कुणाला सांगणार होतीस? तुझ्याकडे ती नुसती पडून होती."

मैना पुढे सरकून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, तुला खोटं वाटेल, पण मला ते आता खरंच आठवतं. ती खोली दिसते. फिनेलचा वास येतो. आमच्या खोलीत फिनेल नव्हतं, अबोलीच्या मनात आलं. गरम कापडाचा वास होता, तो आई पडल्यावरही भिंतींतून गेला नाही. पण हे तिने सांगितलं नाही. हेही दिलं तर काय उरेल, असं तिला वाटलं. ते सोनं मात्र तिला सहन होईना, आणि ती बोलून गेली.

"माझी आई असलं काही म्हणाली नव्हती. हातात सोनं बिनं. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, माकड दिसतेय मी."

मैना हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकी जुनी, गच्चीवरची मैना त्या हसण्यात होती की अबोलीलाही हसू आलं. मैनेने तिचे दोन्ही हात धरले. पुन्हा नाही सांगणार, म्हणाली. तुझ्या गळ्याची शपथ. तू परत ये, संस्थेत मुलींना शिकव. अबोलीने शिकवायला नकार दिला, पण शपथ खरी मानली. घरी येताना तिला हलकं वाटत होतं. मैना चुकली, पण मैना वाईट नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

त्यानंतर काही महिने बरे गेले. अबोलीने भावाशी पुन्हा बोलणं सुरू केलं. एका दुपारी लेक मोबाईल घेऊन पार्लरमध्ये आली. गिऱ्हाईक नव्हतं. "आई, हे बघ," ती म्हणाली, "त्यांचं नवीन भाषण. यात त्या काय हसवतात."

अबोलीने बघितलं. मैना मोठ्या स्टेजवर उभी होती. तीच खोली, तीच चादर, तोच आरसा. सोनं गेलं होतं. मैनेने अर्धं तोंड वाकडं केलं, जीभ जड केली आणि म्हणाली, "माकड दिसतेय मी." हॉल खदखदून हसला. मग मैना थांबली, नेमकी हवी तितकी थांबली, आणि हसणाऱ्या लोकांचे डोळे भरून आले. आधीच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे चांगलं होतं. तिचं काम ती उत्तम करत होती.

अबोलीने मोबाईल उलटा ठेवला. आईचं वाकडं तोंड तिने इतकी वर्षं पुसलं होतं, त्यातून सांडलेलं पाणी टिपलं होतं. ते आता कुणीतरी स्टेजवर करून दाखवत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"ती तुझी आजी होती," ती लेकीला म्हणाली. "आणि कात्री माझ्या हातात होती."

मग तिने सगळं सांगितलं, अगदी इस्त्री हातातून सुटली तिथपासून. लेक ऐकत होती. तिने अविश्वास दाखवला नाही. दाखवला असता तर कदाचित बरं झालं असतं, कारण लेकीला राग आला तो आईचाच. "इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस? मी तुला काय काय बोलले त्या दिवशी, आणि तू हात धुऊन घे म्हणालीस." ती रडत वर निघून गेली.

त्या व्याख्यानानंतर लेकीने मैनेच्या संस्थेत अर्ज केला होता आणि तिला प्रवेशही मिळालेला होता. अबोलीला वाटलं, आता ती जाणार नाही. तिने मुद्दाम विषय काढला नाही. लेकीने बॅग भरली, नवीन ॲप्रन घेतले, आणि निघायच्या आदल्या दिवशी आईसमोर येऊन उभी राहिली. तिथे शिकलं की लगेच काम मिळतं, आई, ती म्हणाली. माझ्यासाठी वरची खोली द्यायला कुणी नाही. यात खोटं काहीच नव्हतं. अबोलीने तिला आपली सगळ्यात हलकी कात्री दिली.

पहिल्याच दिवशी संस्थेच्या हॉलमध्ये नवीन मुलींसाठी मैनेने ती गोष्ट सांगितली. लेकीने संध्याकाळी फोन केला. आधी खोली, जेवण, मैत्रिणी असं सगळं झालं. मग म्हणाली, "मी काही बोलले नाही, आई. सगळ्या रडत होत्या. मी खाली बघत बसले." अबोली म्हणाली, नीट जेवत जा.

मधे एकदा तिने स्वतःहून तोंड उघडून बघितलं. नवीन बाई होती, गप्पिष्ट, तिने विचारलं, तुम्ही कुठे शिकलात. अबोलीने हातातली कात्री खाली ठेवली आणि सांगायला लागली, माझी आई आजारी होती, तिचे केस. बाई आरशातून हसली. अगदी त्या मैनाबाईंसारखं की, म्हणाली, ऐकलंय का तुम्ही त्यांचं? अबोली हो म्हणाली आणि कात्री उचलली.

भावाचं येणं तिने तोडलं नाही, पण तो आता एकटाच यायचा. त्याचे केस ती लहानपणापासून कापत आली होती. परवा तो आला आणि न विचारता खुर्चीत बसला. तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं, कंगवा फिरवला. मागे विरळ झाले होते. तो आरशात तिचे डोळे शोधत होता, आणि ती केसांकडे बघत होती. मी नोकरी सोडू का, त्याने विचारलं. ती कापत राहिली. नाहीतर मी जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगू का, असंही म्हणाला. दोघांनाही माहीत होतं, तो सांगणार नव्हता.

"ताई, काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर."

अबोली त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि मानेवरचे केस बोटांनी उचलले.

"मान खाली घे," ती म्हणाली.